गोविंदाच्या टी-शर्टवरचं नाव पहिल्याच धुण्यात का निघतं? छपाईआधी पॅलेट तापवण्यामागचं गणित

नारळी पौर्णिमा झाली की नऊ दिवसांनी दहीहंडी, आणि त्यानंतर दहा-अकरा दिवसांत गणपती. कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या कोळीवाड्यात हे तीन आठवडे म्हणजे सणांची रांग, आणि सणांची रांग म्हणजे टी-शर्टांचे गठ्ठे. पाठीवर पथकाचं नाव, छातीवर होडी किंवा एकवीरा आई, बाहीवर वर्गणीला मदत करणाऱ्याचं नाव. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, सगळीकडे हेच चित्र असतं.

या टी-शर्टचं आयुष्य सोपं नसतं. दहीहंडीच्या दिवशी तो पावसात भिजतो, वरून ओतलेल्या पाण्यात भिजतो, थरावर चढणाऱ्याच्या पायाखाली रगडला जातो आणि खालच्याने मुठीत धरून ताणला जातो. एवढं झाल्यावर तो वॉशिंग मशीनमध्ये जातो. मग एक विचित्र गोष्ट दिसते. एकाच दिवशी, एकाच शाईने, एकाच स्क्रीनवरून छापलेल्या दोनशे टी-शर्टांपैकी काहींवरचं नाव पुढची तीन-चार वर्षं टिकतं, तर काहींवरचं पहिल्याच धुण्यात भेगाळतं, पापुद्र्यासारखं सुटतं.

शाई खराब होती, कापड हलकं होतं, छापणाऱ्याने फसवलं, असे आरोप होतात. त्यातलं एखादं खरंही असू शकतं. पण गठ्ठ्यातले काहीच टी-शर्ट बिघडले असतील, तर संशय आणखी एका गोष्टीवर घ्यायला हवा: छपाई सुरू झाली तेव्हा मशीनचं पॅलेट थंड होतं का?

पॅलेट म्हणजे काय?

स्क्रीन छपाईत चौकटीवर ताणलेली बारीक जाळी असते. नक्षी सोडून बाकीची जाळी बंद केलेली असते. रबरी पात्याने, म्हणजे स्क्वीजीने, शाई ओढली की ती उघड्या जाळीतून खालच्या कापडावर उतरते. एका रंगाला एक स्क्रीन लागते.

टी-शर्ट ज्या सपाट फळीवर चढवतात ते पॅलेट. ते ॲल्युमिनियमचं, प्लायवुडचं किंवा वरून रबर चिकटवलेलं असतं. उशीला अभ्रा घालावा तसा टी-शर्ट त्याच्यावर चढतो: छापायचा भाग वर, पाठ खाली. कापड हलू नये म्हणून पॅलेटवर गम लावलेला असतो. फिरत्या मशीनला अशी चार, सहा किंवा आठ पॅलेट चक्राच्या आऱ्यांसारखी बसवलेली असतात. टी-शर्ट एका स्क्रीनखालून दुसऱ्या स्क्रीनखाली फिरतो आणि वाटेत फ्लॅशखाली थांबतो. फ्लॅश म्हणजे वरून उष्णता देणारा विजेचा हीटर.

ही शाई वाळत नाही, शिजते

टी-शर्टवर ठसठशीत, किंचित रबरासारखी लागणारी जी छपाई असते, ती अनेकदा प्लास्टिसोल शाईची असते. या शाईत पाणी नसतं. पीव्हीसीचे बारीक कण एका तेलकट द्रवात मिसळलेले असतात. त्यामुळे ती पंख्याखाली ठेवून वाळत नाही. डबा रात्रभर उघडा राहिला तरी शाई सकाळी जशीच्या तशी ओली असते.

तिला हवी असते फक्त उष्णता. साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पीव्हीसीचे कण तो द्रव शोषून फुगतात आणि शाई जेलसारखी घट्ट होते. हात लावला तर बोटाला लागत नाही, पण ती अजून कच्चीच असते. पुढे शाईचा संपूर्ण थर, अगदी तळापर्यंत, सुमारे १६० अंशांना पोहोचला की कण एकमेकांत विरघळून एकसंध पापुद्रा तयार होतो आणि तो धाग्यांना घट्ट धरून बसतो. यालाच क्युरिंग म्हणतात.

म्हणजे कामाचे दोन टप्पे आहेत. मशीनवर असताना फ्लॅश देऊन शाई फक्त घट्ट करायची आणि शेवटी क्युरिंग मशीनमधून काढून पक्की करायची. पॅलेट तापवण्याचा संबंध मुख्यतः पहिल्या टप्प्याशी आहे. पण पहिला टप्पा चुकला की त्याचे परिणाम शेवटपर्यंत जातात.

थंड पॅलेट उष्णता कशी खातं?

काळ्या किंवा गडद निळ्या टी-शर्टवर पिवळा, लाल, भगवा थेट छापला तर तो मळकट दिसतो. म्हणून आधी पांढऱ्या शाईचा थर देतात, त्याला फ्लॅश देऊन घट्ट करतात आणि त्याच्यावर बाकीचे रंग चढवतात. पांढरा थर नीट घट्ट झाला नाही, तर पुढच्या स्क्रीनच्या तळाला तो चिकटून वर येतो. मग पुढच्या प्रत्येक टी-शर्टवर त्याचे डाग उमटत जातात.

आता फ्लॅशखाली काय होतं त्याचा हिशोब मांडू. ४० बाय ५५ सेंटिमीटरचं, ६ मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियमचं पॅलेट घ्या. त्याचं वजन साधारण साडेतीन किलो भरतं. त्याच्यावर पसरलेला टी-शर्टचा पुढचा भाग, कापड १८० जीएसएमचं धरलं तर, जेमतेम ४० ग्रॅमचा असतो. खोलीतल्या २७ अंशांपासून ५५ अंशांपर्यंत जायला पॅलेटला सुमारे ९० किलोज्यूल उष्णता लागते. त्या ४० ग्रॅम कापडाला त्यासाठी दीड किलोज्यूल पुरते. म्हणजे पॅलेटची भूक कापडाच्या साठपट आहे.

फ्लॅशकडे देण्यासारखं किती असतं? २ किलोवॉटचा हीटर ८ सेकंदांत १६ किलोज्यूल उष्णता देतो, आणि त्यातला बराच भाग आजूबाजूच्या हवेत जातो. उरलेल्यातून शाई आणि कापड तापायचं. पण कापडाच्या खाली, अगदी चिकटून, तो साडेतीन किलोचा थंड धातू बसलेला असतो. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने खेचून घेतं. लाकडाच्या तुलनेत त्यातून उष्णता हजारपटीहून अधिक वेगाने वाहते. त्यामुळे शाईचा वरचा पदर तापतो आणि तळाचा पदर, जो कापडाला धरणार आहे, तो मागे राहतो. थंड तव्यावर टाकलेली भाकरी जशी भाजण्याऐवजी चिकटून बसते, तसाच हा प्रकार.

पॅलेट आधीच ५०-६० अंशांवर असेल, तर ते उष्णता खेचण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. फ्लॅशची ताकद शाईच्या वाट्याला येते. आठ सेकंद खरोखरच पुरे पडतात.

त्यात श्रावण आणि समुद्र

मुंबईतल्या छपाईवाल्यांची पंचाईत अशी, की टी-शर्टचा हंगाम आणि पावसाळा एकाच वेळी येतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुलाब्याची सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मच्छीमार नगरासारख्या ठिकाणी तर समुद्र दाराशीच.

कापूस हवेतलं पाणी शोषतो. वस्त्रोद्योगातल्या प्रमाण हवामानात, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, कोरड्या सुताच्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी त्यात असतं असं धरतात. पावसाळी हवेत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास जातं. टी-शर्ट हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या ४० ग्रॅमच्या भागात जवळपास पाच ग्रॅम पाणी लपलेलं असतं.

हे पाणी महागात पडतं. तेवढं कापड २७ पासून ११० अंशांपर्यंत तापवायला साडेचार किलोज्यूलही लागत नाहीत. पण त्यातलं सगळं पाणी वाफ करून घालवायचं म्हटलं, तर ११ किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागेल. एका फ्लॅशमध्ये सगळं पाणी जात नाही हे खरं. पण जेवढं जातं, तेवढं शाईच्या वाट्याची उष्णता घेऊन जातं. डिसेंबरमध्ये आठ सेकंदांत जमणारं काम ऑगस्टमध्ये जमत नाही, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. गरम पॅलेटवर टी-शर्ट चढवला की फ्लॅशखाली जाण्याआधीच त्यातला ओलावा खालून निघायला लागतो.

यात एक गंमत आहे. गिरणगाव उभं राहिलं त्यात मुंबईच्या याच दमट हवेचा वाटा होता. हवेत ओलावा असला की सूत कमी तुटतं. कताईला जी हवा मानवली, तीच हवा छपाईला मात्र अडचणीची ठरते.

पहिले दहा आणि शेवटचे दहा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दोनशे टी-शर्टांपैकी काहीच का बिघडतात?

समजा, सकाळी काम सुरू झालं. पॅलेट थंड, फ्लॅशचा वेळ आठ सेकंद. पहिले आठ-दहा टी-शर्ट बाहेर आले, पांढरा थर ओलसर राहिला, दुसरी स्क्रीन खराब झाली. कारागिराने वेळ वाढवून पंधरा सेकंद केला. काम सुरळीत झालं आणि सगळे निवांत झाले.

पण प्रत्येक फेरीत पॅलेट थोडं थोडं तापत राहतं. तासाभराने ते इतकं गरम असतं की सात सेकंदही पुरे झाले असते. वेळ मात्र पंधराच राहिलेला असतो. आता उलटी चूक सुरू होते. पांढरा थर जेलसारखा होण्याच्या पुढे जाऊन पक्का होऊ लागतो. पक्क्या झालेल्या थरावर वरचा रंग नीट जोडला जात नाही. मशीनवरून उतरताना टी-शर्ट सुंदर दिसतो, पण काही धुण्यांत वरचा पिवळा पापुद्र्याने निघतो आणि खालचा पांढरा उघडा पडतो.

पहिल्या गटात थर कच्चा, शेवटच्या गटात थर अति शिजलेला, आणि मधला गट उत्तम. हे तिन्ही गट इस्त्री करून एकाच गठ्ठ्यात जातात. पथकात कोणाच्या वाट्याला कोणता टी-शर्ट येईल, हे नशिबावर.

म्हणून पॅलेट आधी तापवणं म्हणजे पहिला टी-शर्ट वाचवणं एवढंच नाही. पहिल्या टी-शर्टपासून दोनशेव्या टी-शर्टपर्यंत तापमान शक्य तितकं सारखं ठेवणं, हा त्यामागचा खरा हेतू आहे.

किती तापवायचं आणि कसं?

प्लास्टिसोलसाठी ५० ते ६० अंश हा सर्वसाधारण पट्टा आहे. पद्धत साधी आहे:

१. पॅलेटवर गम लावून घ्या. पाण्याच्या गमातलं पाणी उडालं की तो चिकट होतो, त्यामुळे तापवताना तेही काम होतं.

२. टी-शर्ट न चढवता एकेक पॅलेट फ्लॅशखाली आणा. एकाच पॅलेटवर फार वेळ थांबण्यापेक्षा थोडा थोडा वेळ देत दोन-तीन फेऱ्या फिरवा. म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी पसरते.

३. तापमान अंदाजाने न धरता इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत मोजा. कोपरे थंड राहिले असतील, तर नक्षीची टोकं कच्ची राहतील.

४. पहिला टी-शर्ट चांगला न घेता टाकाऊ घ्या. त्याच्यावर फ्लॅशचा वेळ ठरवा. शाईला बोट लावल्यावर ती किंचित चिकट लागावी, पण बोटाला येऊ नये.

५. दर वीस-पंचवीस टी-शर्टांनंतर तापमान पुन्हा बघा. पॅलेट तापत गेलं, तर फ्लॅशचा वेळ कमी करा. जेवणाची सुट्टी झाली, तर पुन्हा एक फेरी तापवून घ्या.

मोजताना एक फसगत टाळायला हवी. इन्फ्रारेड थर्मामीटर पृष्ठभागातून निघणाऱ्या किरणांवरून तापमान सांगतो, आणि चकचकीत ॲल्युमिनियममधून हे किरण फार कमी निघतात. उघड्या धातूवर रोखला, तर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. तो आकडा खरा मानून तापवत राहिलं, तर पॅलेट भलतंच गरम होईल. म्हणून पॅलेटवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजावं.

खर्चाची भीती बाळगायचं कारण नाही. अशी चार पॅलेट तापवायला २ किलोवॉटच्या फ्लॅशला साधारण सात-आठ मिनिटं लागतात. वीज लागते पाव युनिटच्या आसपास. एक खराब झालेला टी-शर्ट यापेक्षा कितीतरी महाग पडतो. मात्र २ किलोवॉट म्हणजे जवळपास ९ अँपिअरचा भार. घरात किंवा छोट्या गाळ्यात काम करणाऱ्याने तो पंख्याच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर टाकू नये. स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं, विशेषतः भिंतींना ओल असते त्या दिवसांत.

हवा खेळती ठेवायलाच हवी, कारण तापलेल्या शाईचा धूर बंद खोलीत कोंडू देणं बरं नाही. पण खिडकीतून येणारा समुद्राचा वारा थेट मशीनवर येत असेल, तर तो पॅलेट थंड करत राहतो. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून वाऱ्याच्या बाजूला आडोसा करणं हा त्यावरचा मार्ग.

कुठे सांभाळून तापवायचं?

प्रत्येक कामाला ५५ अंश चालत नाहीत.

पहिला अपवाद पाण्यावर आधारित शाईचा. आपल्याकडे पिगमेंट आणि खाडी छपाईत ती सर्रास वापरतात. ही शाई पाणी उडूनच वाळते. पॅलेट फार गरम असेल, तर ती कापडावर वाळण्याआधी जाळीतच वाळायला लागते, जाळीची भोकं बुजतात आणि अक्षरांच्या कडा तुटक येतात. इथे पॅलेट कोमट असलेलं पुरतं.

दुसरा अपवाद पॉलिएस्टरचा. गोविंदा पथकांत हल्ली ड्राय-फिट टी-शर्ट आवडीने घेतात, कारण ते पटकन वाळतात. पॉलिएस्टर ओलावा जवळपास धरतच नाही, त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. त्यामुळे ओलावा घालवण्याचा प्रश्न तिथे नाही. पण त्याला दिलेला रंग उष्णतेने वायुरूप होऊन वरच्या शाईत शिरतो. लाल टी-शर्टवरचं पांढरं नाव दोन दिवसांनी गुलाबी दिसतं ते यामुळेच. अशा कापडाला १३०-१४० अंशांत पक्की होणारी शाई वापरतात, पॅलेट कमी तापवतात आणि फ्लॅशही आखडता देतात.

तिसरी गोष्ट म्हणजे प्लास्टिसोललाही मर्यादा आहेच. पॅलेट फारच तापलं, तर त्याच्यावर टेकणाऱ्या स्क्रीनमधली शाई जाळीतच घट्ट होऊ लागते. स्क्वीजी ओढायला जड जाते आणि छाप फिका येतो. तसं झालं, तर फ्लॅश थांबवून रिकाम्या दोन फेऱ्या मारणं हाच उपाय.

लांब टेबलावर छापणाऱ्यांचं काय?

फिरतं मशीन सगळ्यांकडे नसतं. बऱ्याच ठिकाणी लांब टेबलावर ओळीने टी-शर्ट चिकटवतात आणि कारागीर स्क्रीन घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. शेवटचा टी-शर्ट छापून होईपर्यंत पहिला आपोआप वाळलेला असतो, असा त्यातला हिशोब. उन्हाळ्यात तो जुळतो, श्रावणात फिसकटतो. पहिला टी-शर्ट अजून ओलाच असतो. म्हणून काही जण टेबलाच्या पृष्ठभागाखाली हीटर बसवतात. तत्त्व तेच: उष्णता वरून देण्याबरोबर खालचा थंडपणाही घालवायचा.

पॅलेट तापवलं म्हणजे छपाई पक्की झाली का?

नाही, आणि हा गैरसमज फार महाग पडतो. ५५ अंशांचं पॅलेट आणि ८ सेकंदांचा फ्लॅश शाईला फक्त घट्ट करतात. प्लास्टिसोल १६० अंशांना पोहोचल्याशिवाय टिकाऊ होत नाही. ऐन गर्दीत, दहीहंडीच्या आदल्या रात्री, "फ्लॅश जरा जास्त दिलाय, क्युरिंग राहू दे" असं म्हणत दिलेला गठ्ठाच पुढच्या आठवड्यात परत येतो. क्युरिंगमध्येही पावसाळ्याचा नियम लागू आहेच. दमट टी-शर्टला कन्व्हेयरचा वेग थोडा कमी ठेवावा लागतो.

ऑर्डर देणाऱ्याने काय करावं?

मंडळाच्या खजिनदाराने छपाई शिकायची गरज नाही. पण तीन गोष्टी त्याच्या हातात आहेत. पहिली, कापड सुती आहे की पॉलिएस्टर हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगणं. दुसरी, गठ्ठा घेताना वरचा एकच टी-शर्ट न बघता तळातला, मधला आणि वरचा असे तीन निवडून छपाई दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघणं. चांगली शिजलेली प्लास्टिसोल कापडाबरोबर ताणली जाते आणि परत जागेवर येते. कच्ची असेल, तर तिला भेगा पडतात. तिसरी, निदान चार दिवस आधी ऑर्डर देणं. एक नमुना धुऊन बघायला तेवढा वेळ लागतो, आणि छापणाऱ्यालाही सकाळची सात-आठ मिनिटं पॅलेट तापवण्यावर घालवायला जीव होतो.

या सगळ्या गडबडीत सगळ्यात आधी गाळली जातात ती हीच सात-आठ मिनिटं. मशीन रिकामं फिरताना दिसतं, कोणी टी-शर्ट चढवत नाही, आणि बाहेर मंडळाची पोरं टेम्पो घेऊन उभी असतात. पण हंडी फोडून भिजून घरी आलेल्या पोराचा टी-शर्ट दोरीवर वाळत पडतो, तेव्हा त्याच्या पाठीवर पथकाचं नाव शाबूत आहे की नाही, याचा निकाल बऱ्याचदा त्याच मिनिटांत लागलेला असतो.